आधी तिच्या नावाचं सिम घे

पत्र थोडक्यात असं: "मी परभणीचा, जर्मनीत स्टुटगार्टला इंजिनियर. बायको उदगीरची, बी.फार्म, लग्नाआधी लातूरला गंजगोलाईजवळ मेडिकलवर कामाला होती. आठ महिन्यांपूर्वी इकडं आली. दिवसभर खिडकीपाशी बसते, मायचा फोन झाला की रडते, झोपत नाही नीट. मी काही कमी पडू देत नाही. बँक, किराणा, दवाखाना सगळं मीच बघतो, तिला इथलं सिमसुद्धा घ्यायची गरज पडली नाही, घरात वायफाय आहे अन बाहेर मी सोबत असतोच. थंडी सरेपर्यंत तिला गावाकडं पाठवू का?"

लेकरा, थंडी, साडेचारलाच पडणारा अंधार, रडणं, सगळं वाचलं, पण मी अडकले ते सिमवर. तू ते कौतुकानं लिहिलंस अन मला राग आला.

आठ महिने झाले, एका शिकलेल्या बाईकडं दाराबाहेर चालणारा फोन नाही. खाली उतरली अन रस्ता चुकली तर मॅप दिसणार नाही, तुला फोन लागणार नाही, रस्त्यावर कुणाला विचारावं तर भाषा येत नाही, म्हणून ती उतरतच नाही. मग खिडकीपाशी नाही तर कुठं बसेल ती? गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, त्या गर्दीतून रोज कामावर जायची ना ही पोरगी? मेडिकलच्या काउंटरवर उभं राहायचं म्हणजे डॉक्टरचं अक्षर लावायचं, म्हाताऱ्या माणसांना गोळ्या समजावून सांगायच्या, उधारीवाल्याला तोंडावर नाही म्हणायचं. हे सगळं करणाऱ्या बाईला तू दूधसुद्धा आणू देत नाहीस, अन वर म्हणतोस काही कमी नाही!

तू ओरडत नाहीस, मारत नाहीस, म्हणून दोन्ही घरांत तुझं नाव चांगलंच असणार, अन म्हणूनच तिला तक्रार करायलाही तोंड राहिलं नाही. काय सांगेल ती मायला, जावई लई करतात म्हणून?

अन "पाठवू का" हे मला काय विचारतोस, तिला विचारलंस का? जायचं असंल तर ती जाईल, पण तिनं ठरवून.

तुझ्याकडं एकच काम आहे. ह्या शनिवारी तिला घेऊन सुपरमार्केटात जा, प्रीपेड सिम घ्या, तिचा पासपोर्ट दाखवून, तिच्याच नावावर. लगोलग त्यावर डॉइचलँड-टिकिट काढून दे, 2023 ला 49 युरोत सुरू झालेला महिन्याचा पास आता 63 ला आहे, देशभरातल्या बस, ट्राम, लोकल गाड्या त्यात येतात. मग सोमवारी तू ऑफिसला जा अन तिला एकटीला बाहेर पडू दे. लोकेशन मागू नको, दर तासाला "कुठं पोचलीस" करू नको. चुकली तर चुकू दे, फोनमधला मॅप बघत बघत येईल घरी. बाहेरदेशातून आलेल्यांसाठीच्या सरकारी इंटिग्रेशन कोर्सात 600 तासिका नुसती भाषाच शिकवतात, तिथं नाव घालायला तिचं तिला जाऊ दे. नवऱ्यामागं आलेल्या बायकोला जर्मनीत नोकरीची बंदी नाही, हे तिला सांगितलंस का कधी?

झोपेचं मात्र अंगावर काढू नका. इंग्रजी बोलणारा फॅमिली डॉक्टर शोधा, अपॉइंटमेंट तिच्या फोनवरून तिनंच घ्यायची, अन ती आत बोलत असंल तेव्हा तू बाहेर बस.