‘मॅडम, माझ्या अंगात विष साठतंय’

आल्या आल्या त्यानं खुर्ची मागे सरकवली. “तुम्हाला वास येईल.” मला कसलाच वास येत नव्हता.

पोटातल्या वायूला सडक्या अंड्यासारखी घाण येते, एवढ्यावरून सुरुवात झालेली. मग वाचनात आलं की तो हायड्रोजन सल्फाइड, सायनाइडसारखा पेशींचा श्वास कोंडणारा. तेव्हापासून दिवसाआड उपास, शरीरशुद्धीचे काढे, मित्रांकडे जाणं बंद. तपासण्यांत काही निघालं नाही, म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे, समुपदेशकाकडे, पाठवलं.

त्यानं वाचलेलं खोटं नव्हतं, अर्धवट होतं. राहिलेलं आम्ही कागदावर काढलं. मोठ्या आतड्यातले काही जीवाणू हा वायू रोज बनवतात, सगळ्यांच्याच पोटात. थोडा तर आपल्या पेशीही बनवतात. आतड्याच्या अस्तरातच बराचसा पकडला जातो. तिथल्या मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे पेशींच्या ऊर्जाघरातलं, एसक्यूआर हे विकर (एन्झाइम) त्याचे इलेक्ट्रॉन काढून श्वसनसाखळीला, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या साखळीला, देतं आणि गंधक सहसा ग्लुटाथायोन या पेशीतल्या छोट्या रेणूच्या हवाली करतं. पुढे ऑक्सिजन वापरून त्याचं सल्फाइट होतं, काहीचं थायोसल्फेट. सल्फाइटही बाधकच, त्यामुळे दुसरं विकर त्याचं सल्फेट करतं. ते लघवीवाटे जातं.

“इलेक्ट्रॉन साखळीला, म्हणजे त्यातून ऊर्जा मिळते?”

“थोडी मिळते.”

“म्हणजे पेशी विष जाळून खातात!” पहिल्यांदाच हसला.

लगेच पुढचा प्रश्न. “मग गटारात उतरलेली माणसं का मरतात?” प्रश्न रास्त होता. तिथे वायू भसकन फुप्फुसातून थेट रक्तात जातो, आतड्याचा पहारा वाटेत येतच नाही. मात्रा फार झाली की श्वसनसाखळीचं शेवटचं टोकच बंद पडतं आणि तिच्यावर चालणारं एसक्यूआरही अडतं. नाकही बधिर होतं, वास येईनासा होतो.

“आणि माझ्यात ते विकरच नसेल तर?”

ऑक्सिजन वापरणाऱ्या पायरीचा एक दुर्मीळ जनुकीय दोष आहे, पण तो बहुधा तान्हेपणीच गंभीर आजार होऊन दिसतो. हे एकदा सांगितलं. त्यानं तेच फिरवून पुन्हा विचारलं, तेव्हा मी उत्तर दिलं नाही. (सुरुवातीच्या वर्षांत मी देत बसायचे.) माहितीनं भागतं तिथवर माहिती द्यावी; त्यापुढे प्रत्येक दिलासा नव्या शंकेला खाऊ घालतो. त्याऐवजी विचारलं, “शंका तशीच ठेवून आज काय करता येईल?”

त्यानं खुर्ची वीतभर पुढे घेतली. काढे सुटायला आणखी तीन भेटी लागल्या, मित्राच्या घरी जायला पाच.