ग्रीन यूएएस आणि ब्लू यूएएस, फरक काय?

प्रश्न: अमेरिकेतल्या ड्रोन कंपन्या जाहिरातीत कधी ग्रीन यूएएस लिहितात, कधी ब्लू यूएएस. ही भानगड काय आहे? आणि सर्टिफिकेट असलं की ड्रोन हॅक होतच नाही का?

उत्तर: यूएएस म्हणजे ड्रोन आणि ते चालवणारी सगळी यंत्रणा. ब्लू ही मंजूर ड्रोनची यादी अमेरिकन संरक्षण खात्याच्या डिफेन्स इनोव्हेशन युनिटने सैन्याच्या खरेदीसाठी सुरू केली, आणि ग्रीन हे सर्टिफिकेट एयूव्हीएसआय ह्या ड्रोन उद्योगाच्या संघटनेने २०२३ मध्ये आणलं, म्हणजे ज्यांचं सैन्याशी काही देणंघेणं नाही अशा ग्राहकांनाही खात्रीचं ड्रोन निवडता यावं.

खरा मुद्दा सुट्या भागांचा आहे. २०२० च्या संरक्षण कायद्यातलं कलम ८४८ सांगतं की फ्लाइट कंट्रोलर, रेडिओ, कॅमेरा, गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारं माउंट), ग्राउंड कंट्रोल, डेटा पाठवणारं यंत्र, ह्यातलं काहीही चीनमध्ये बनलेलं असलं तर संरक्षण खात्याने ते ड्रोन घ्यायचं नाही. ब्लू यादीत यायचं तर ही अट पाळावीच लागते. ग्रीनमध्येही सप्लाय चेन, म्हणजे भाग कुठून येतात, हे बघतातच, आणि सोबत कंपनीची स्वतःची सायबर शिस्त, ड्रोनची सिक्युरिटी आणि रिमोट कनेक्शन हेही तपासतात, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण पार्ट कुठलाही असो, फर्मवेअर (ड्रोनच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटवर कंपनीची डिजिटल सही नसेल किंवा ड्रोन आणि रिमोटमधली लिंक एन्क्रिप्ट नसेल तर कोणीही मधे घुसू शकतं.

हॅक होणारच नाही अशी हमी कुठलंच सर्टिफिकेट देत नाही हो. तपासणी त्या मॉडेलची, त्या वेळची असते. त्यामुळे विकत घेताना नेमकं कुठलं मॉडेल पास झालंय आणि अपडेट किती वर्षं देणार, हे लेखी मागा.