रोही, रानडुक्कर, हरीण : पिलांचे गणित कशावर ठरते?

प्रश्न (गेवराई, जि. बीड) : दुष्काळाच्या साली माळावर हरणांची पाडसे कमी दिसतात, उसाच्या पट्ट्यात रानडुकरे मात्र वाढतच जातात. पाऊस तर दोघांना सारखाच. मग फरक कशामुळे?

उत्तर : पाऊस सारखा असला तरी पोटात जाणारा चारा सारखा नसतो. मादी माजावर येणार की नाही, हे आधी तिच्या अंगावरच्या चरबीवर ठरते. चरबीच्या पेशींतून लेप्टिन नावाचे संप्रेरक रक्तात उतरते. ते कमी पडले की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला पुरेसा इशारा देत नाही आणि बीजांड पक्व होणे थांबते. गाभण राहिल्यावर उपासमार झाली तर मादी गाभडू शकते, नाहीतर पाडस हलके जन्मते. त्यातही सगळ्यात महाग काळ दूध पाजण्याचा. गाभणपणात लागते त्याहून जास्त ऊर्जा पान्ह्याला लागते. म्हणून बहुतेक रानजनावरांत पिले चाऱ्याच्या दिवसांत यावीत अशीच माजाची वेळ बसलेली असते.

उत्तरेच्या थंड देशांत ही वेळ मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून साधली जाते. आपल्याकडे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात फरक जेमतेम सव्वादोन तासांचा, त्यामुळे पाऊस आणि गवत यांचे वजन जास्त. माळावरचे हरीण म्हणजे काळवीट वर्षभर विते, तरी माजाचा जोर साधारण मार्च ते मे आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर असा दोनदा येतो. गाभणकाळ सुमारे सहा महिन्यांचा आणि पाडस एकच. चारा कितीही मिळाला तरी एका वेतात एकच, म्हणून कळप सावकाश वाढतो.

डुकरिणीचे तसे नाही. गाभणकाळ सुमारे 115 दिवस आणि एका वेतात साधारण चार ते सहा पिले. तिचे वयात येणे वयापेक्षा वजनावर अवलंबून असते. युरोपातल्या अभ्यासांत ही मर्यादा 30 किलोच्या आसपास आढळली आहे. ऊस, मका, भुईमूग खाऊन वजन लवकर भरले की वर्षाच्या आतही ती गाभण राहू शकते. पिले मेली तर दूध आटते, पान्ह्यामुळे दबलेला माज पुन्हा येतो. बागेच्या कडेला टाकलेल्या सडक्या मोसंबीच्या ढिगाकडे कुणी या नजरेने पाहत नाही, पण ऐन उन्हाळ्यात तो डुकरांना फुकटचा खुराक असतो.

प्रश्न (परांडा, जि. धाराशिव) : रब्बी ज्वारी काढताना ताटांत हरणाचे पाडस एकटेच बसलेले सापडले, आई कुठेच नाही. घरी आणून दूध पाजावे का?

उत्तर : नाही. पहिले दोनेक आठवडे पाडस लपून बसते आणि आई मुद्दाम लांब चरते, म्हणजे कोल्ह्या-लांडग्याला तिच्या मागावरून पाडस सापडू नये. त्याची विष्ठाही ती चाटून टाकते, वास राहू नये म्हणून.

त्या जागेभोवती पाच-सहा पावलांचा ज्वारीचा तुकडा उभा ठेवा, कुत्री बांधा, माणसे लांब न्या आणि दुसऱ्या सकाळपर्यंत थांबा. हार्वेस्टर थांबवणे शक्यच नसेल तर हातात गवताची पेंढी धरून पाडस जवळच्या बांधावर सावलीत ठेवा. आधीच घरी आणले असेल तर त्याच दिवशी त्याच जागी परत नेऊन ठेवा. माणसाचा वास लागला की आई टाकते, ही समजूत सहसा खोटी ठरते. खरा धोका भीतीचा आहे. फार हाताळल्याने, दोरीने बांधल्याने स्नायू आतून बिघडतात आणि वरून धडधाकट दिसणारे पाडस काही तासांत किंवा दिवसांत दगावते. गाईचे दूध तर नकोच. हरणीचे दूध त्याहून बरेच दाट असते, वरच्या दुधाने हगवण लागते. जखम, अंगावर मुंग्या, खोल गेलेले डोळे किंवा आई मेलेली दिसली तर वन विभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा, तोवर खोक्यात अंधारात ठेवा. घरी पाळणे हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

प्रश्न (अंबड, जि. जालना) : रोह्यांचे (नीलगायींचे) नर कमी केले किंवा नसबंदीची लस दिली तर संख्या आटोक्यात येईल का?

उत्तर : नर कमी करून फारसे साधत नाही, कारण एक नर अनेक माद्यांना पुरतो. रोहीण सुमारे आठ महिने गाभण असते आणि तिला जुळी होणे नेहमीचे. म्हणजे हिशेब माद्यांचाच. लसी आहेत. डुकराच्या बीजांडाच्या आवरणापासून केलेली एक लस अमेरिकेतल्या जंगली घोड्यांवर आणि दक्षिण आफ्रिकेतल्या हत्तींवर वापरली गेली. पण पहिल्या डोसनंतर काही आठवड्यांनी दुसरा आणि पुढे बहुधा दरवर्षी एक, तोही त्याच मादीला. खुणा नसलेल्या, गावोगाव फिरणाऱ्या कळपात हे कोण करणार? रानडुकरांवर तर ही लस उपयोगाची नाही, ते प्रथिन त्यांच्याच जातीचे. शिवाय लस दिलेली रोहीण पुढची कित्येक वर्षे हरभरा खातच राहते. आमच्या मते एवढा खर्च कुंपणावर केलेला बरा.

प्रश्न (औसा, जि. लातूर) : वडावरची मोठी वटवाघळे वर्षाला किती पिले देतात?

उत्तर : एकच. गाभणकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो, जन्म बहुधा फेब्रुवारीपासून पुढे होतात आणि पहिले काही आठवडे पिल्लू आईच्या पोटाला चिकटून असते. या दिवसांत फांद्या तोडल्या तर वर्षाचे सगळे वेत जाते. छाटणी ऑगस्टनंतर करा.