घरच्या स्टोरेज पूलला एक एसएसडी कॅश म्हणून लावू का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: जुन्या पीसीवर विंडोज आणि स्टेबलबिट ड्राइव्हपूल (अनेक डिस्क जोडून एकच मोठी डिस्क दाखवणारं सॉफ्टवेअर), ४ टीबीच्या चार हार्ड डिस्कचा एक पूल, सगळ्या फोल्डरना दोन प्रतींचं डुप्लिकेशन. लग्नाची ऑर्डर झाली की घरी येऊन दीडशे-दोनशे जीबी फोटो-व्हिडिओ लॅपटॉपवरून पूलवर टाकता आणि ते फार हळू जातात. ५०० जीबीची एक एसएसडी पडून आहे, ती कॅश म्हणून, म्हणजे नव्या फाइल आधी झेलणारी वेगवान जागा म्हणून, लावायची आहे.

एकटी लावू नका. लावायचीच तर दोन लावा. पण त्याआधी गाडी कुठे अडते ते पाहा, कारण माझ्या मते ती डिस्कवर अडत नसावी.

साधं गिगाबिट लॅन (घरातलं केबलचं नेटवर्क) असेल तर कॉपी होताना सेकंदाला ११० एमबीच्या आसपास दिसतं. चांगली हार्ड डिस्क सलग मोठी फाइल याहून वेगानं लिहिते. दीडशे एमबी सहज. म्हणजे २०० जीबीला अर्धा तास लागणार तो वायरमुळे, आणि पलीकडे एसएसडी असली तरी तेवढाच लागणार. वायफायवरून टाकत असाल तर बोलायलाच नको, आधी केबल जोडा. दोन्ही टोकांना २.५ गिगाबिटची कार्डं आणि मध्ये तसाच स्विच बसवला, तर हाच वेग २८० एमबीच्या घरात जातो. तिथे मात्र हार्ड डिस्क मागे पडते आणि एसएसडी कॅशला अर्थ येतो.

दुसरी शक्यता: वेग सुरुवातीला बरा असतो आणि थोड्या वेळानं २०-३० एमबीवर येऊन बसतो. असं होत असेल तर डिस्कचे मॉडेल नंबर तपासा, त्या एसएमआर प्रकारच्या असू शकतात. यात डेटा लिहायचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे एका जागी बदल करायचा तर शेजारचंही पुन्हा लिहावं लागतं. वेस्टर्न डिजिटलनं एप्रिल २०२० मध्ये आपल्या एसएमआर डिस्कची यादी जाहीर केली, तेव्हा २ ते ६ टीबीच्या काही 'रेड' मालिकेतल्या डिस्कही त्यात निघाल्या. अशा डिस्क असतील तर गिगाबिटवरसुद्धा कॅशचा फायदा होतो.

आता दोन एसएसडी का, ते. ड्राइव्हपूल फाइलचे तुकडे करत नाही. प्रत्येक फाइल अख्खी कुठल्यातरी डिस्कवर विंडोजच्या साध्या (एनटीएफएस) फाइलसारखी असते, आणि डुप्लिकेशन चालू असेल तर दुसऱ्या डिस्कवर तशीच आणखी एक. त्याचं एसएसडी ऑप्टिमायझर हे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) नव्या फाइल आधी एसएसडीवर उतरवतं आणि नंतर सवडीनं हार्ड डिस्कवर हलवतं. दोन्ही प्रती लिहून झाल्याशिवाय कॉपी पूर्ण झाली असं धरलं जात नाही. एसएसडी एकच असेल तर दुसरी प्रत हार्ड डिस्कवरच जाणार, आणि एकूण वेग त्या हार्ड डिस्कचा. खटाटोप करून होतं तिथेच.

यावर एक पळवाट सांगितली जाते: रिअल-टाइम डुप्लिकेशन (दोन्ही प्रती एकाच वेळी लिहिणं) बंद करा, दुसरी प्रत रात्री होऊ द्या. वेग मिळतो, खोटं नाही. पण तोवर त्या लग्नाची पूलमधली एकमेव प्रत एका एसएसडीवर असते. हार्ड डिस्क मरताना बऱ्याचदा कुरकुरते, एसएसडी पुष्कळदा काही न सांगता जाते. तुमचा धंदा फोटोंचा आहे. लग्न पुन्हा लावून द्या असं कुणाला सांगणार? हा मार्ग घेतलाच तर दुसरी प्रत झाल्याची खात्री होईपर्यंत कॅमेऱ्याची कार्डं फॉरमॅट करू नका. एकाच एसएसडीचे दोन पार्टिशन करून दोन प्रती ठेवणं ही तर निव्वळ स्वतःची समजूत घालणं आहे.

जागेचंही एक लफडं आहे. फाइल लिहायला सुरुवात होते तेव्हा ती किती मोठी होणार हे पूलला नेहमी कळत नाही. एसएसडीवर ३० जीबी शिल्लक असताना ८० जीबीचा व्हिडिओ एक्स्पोर्ट लावलात, तर पूलमध्ये टीबीनं जागा असूनही 'डिस्क भरली' म्हणून तो मध्येच तुटू शकतो. म्हणून एसएसडी तुमच्या सगळ्यात मोठ्या एका खेपेपेक्षा ऐसपैस हवी, आणि बॅलन्सिंग (एसएसडीवरच्या फाइल हार्ड डिस्कवर हलवण्याचं काम) असं लावा की पुढच्या खेपेआधी ती रिकामी झालेली असेल.

खरेदी करताना स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणारी) एसएसडी टाळा. पहिले काही जीबी त्या पळतात आणि आतली कॅश भरली की काही मॉडेलं हार्ड डिस्कच्याही खाली येतात. तुमच्यासारख्या लांब कॉपीत नेमकं तेच होणार. टीएलसी (एका पेशीत तीन बिट) घ्या. झिजण्याची काळजी मात्र नको: ५०० जीबीच्या बऱ्याच टीएलसी एसएसडींना ३०० टीबी लेखनाची हमी असते, आणि दर आठवड्याला २०० जीबी टाकलेत तरी वर्षाला साडेदहा टीबीच होतात.

यूपीएस हवाच. घरगुती एसएसडीत वीज गेल्यावर हातातलं लेखन पुरं करण्यापुरते कपॅसिटर (थोडी वीज साठवणारे भाग) सहसा नसतात. घरी इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर आहे का बघा. साध्या मोडमध्ये बदलायला जो क्षण लागतो, तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होऊ शकतो.

जुने फोटो उघडायला वेळ लागतो ही तक्रार असेल तर हे प्लगइन त्यासाठी नाहीच. ते फक्त लिहिण्यापुरतं आहे. फाइल हार्ड डिस्कवर गेली की वाचणं हार्ड डिस्कच्याच वेगानं. आणि पूलमधून फाइल डिलीट केली की दोन्ही प्रती जातात, तेव्हा घराबाहेर ठेवलेला बॅकअप वेगळा लागतोच.

पडून असलेल्या एसएसडीचं मी काय करीन? ती एडिटिंगच्या मशीनला लावीन. चालू ऑर्डरचे रॉ फोटो, लाइटरूमचा (फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा) कॅटलॉग, म्हणजे फोटोंची आणि बदलांची नोंदवही, आणि प्रिव्ह्यू तिच्यावर, आणि त्या फोटोंची दुसरी प्रत पहिल्याच रात्री पूलवर. कॅटलॉग तसाही नेटवर्क ड्राइव्हवरून लाइटरूम क्लासिक उघडू देत नाही. काम संपून अल्बम गेला की तिथलं सगळं पूलवर हलवा. त्या कॉपीला अर्धा तास लागला तरी तेव्हा तुम्ही तिची वाट बघत बसलेले नसाल.