उडत्या पक्ष्यांचे फोटो शार्प येतात, तरी त्यांत जीव का नसतो?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: फोकस आता जमतोय, पक्षी शार्प येतो, तरी फोटो बघून कुणी थांबत नाही. उदाहरणं तीन दिलीत. निळ्या आभाळात अगदी मधोमध एक कुरव (समुद्रपक्षी), पोटाखाली काळीठिक्कर पडलेली घार, आणि असा पांढराफटक बगळा की त्याचं एकही पीस वेगळं दिसत नाही. आणि विचारलंत, एडिटिंगमध्ये काय केलं म्हणजे हे सुधारतील.

एडिटिंगवर बोलते, पण शेवटी. कारण या तिन्ही फोटोंचा निकाल बटण दाबायच्या आधीच लागला होता. मीही पहिली दोन वर्षं रात्री शॅडोचा, म्हणजे सावल्या उजळायचा स्लायडर ओढत बसायचे आणि सकाळी पुन्हा त्याच चुकीच्या जागी जाऊन उभी राहायचे. फोटो बदलायला लागले ते वाऱ्याकडे लक्ष द्यायला लागल्यावर.

पक्षी उडताना आणि उतरताना शक्यतो वाऱ्याला सामोरा जातो, विमानासारखाच. म्हणजे वारा तुमच्या पाठीवर असेल तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून येणार. शिवाय वाऱ्याविरुद्ध येणारा पक्षी जमिनीच्या हिशेबाने सावकाश सरकतो. त्याचा वेग सेकंदाला १० मीटर आणि समोरचा वारा ५ मीटर असेल, तर तुमच्या दिशेने तो सेकंदाला ५ मीटरच येतो. ऑटोफोकसला तेवढीच उसंत. आता यात ऊनही पाठीवर घ्या. आपली सावली पक्ष्याच्या दिशेने पडली पाहिजे, एवढं बघितलं तरी पुरतं. वारा आणि ऊन दोन्ही एकाच बाजूने येत असतील तो दिवस सोन्याचा. दोन्ही एकमेकांविरुद्ध असतील तर दिवसभर उजळ शेपट्या तरी मिळतात किंवा काळे चेहरे. अशा दिवशी मी पाठमोऱ्या पक्ष्यांचा नाद सोडते आणि सरळ उन्हाकडे तोंड करून उभी राहते. पंखांतून झिरपणारा उजेड, कडेने चमकणारी पिसं, किंवा नुसती काळी आकृती. आकृतीच हवी असेल तर पंख पूर्ण उघडलेले आणि चोच बाजूने दिसणारी हवी. नाहीतर आभाळात एक डाग उरतो.

तुमची घार काळी पडली ती सूर्य डोक्यावर असल्यामुळे. पंखांच्या वरच्या बाजूला लख्ख ऊन, आणि तुम्ही खालून बघताय ती बाजू सावलीत. सूर्य उगवल्यानंतरचे आणि मावळण्याआधीचे दीड-दोन तास किरण तिरपे येतात आणि पंखांखाली शिरतात, डोळ्यातही ठिणगी दिसते. दुपारचा एक अपवाद आहे: पक्षी पाण्यावरून, ओल्या वाळूवरून किंवा बर्फावरून खाली उडत असेल तर खालून परतलेला उजेड पोटाला मिळतो. तसं काही नसेल तर दुपारी कॅमेरा बॅगेत ठेवा. तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेमुळे लांबचा पक्षी थरथरल्यासारखा येतो, आणि तो दोष कुठल्याच सॉफ्टवेअरने नीट जात नाही.

बगळ्याचं दुखणं वेगळं आहे. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी आहे असं गृहीत धरतं. मागे गर्द झाडी असली की ते फ्रेम उजळ करतं आणि पांढरा बगळा जळतो. मागे उजळ ढग असले की उलटं होतं, ते फ्रेम काळवंडवतं आणि घारीसारखा पक्षी कोळसा होतो. पण बगळा झाडीसमोरून आभाळासमोर आला तरी त्याच्यावर पडणारं ऊन बदललेलं नसतं, बदललेली असते पार्श्वभूमी. म्हणून ऊन स्थिर असताना मी पूर्ण मॅन्युअलवर जाते, म्हणजे सगळे आकडे स्वतःच ठरवते. उन्हात असलेल्या एखाद्या पांढऱ्या गोष्टीवर फोटो काढून बघते, जळालेला भाग लुकलुकून दाखवणारी सूचना चालू ठेवते, ती लुकलुक थांबेपर्यंत एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) खाली आणते आणि मग हात लावत नाही. ढग येत-जात असतील तर हे चालत नाही. तेव्हा शटर आणि ॲपर्चर (लेन्सचं भोक) मॅन्युअल, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो, आणि उजळ ढगाळ आभाळासमोर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या हिशेबात आपण करायची दुरुस्ती, अधिक १ किंवा त्याहून थोडं जास्त.

शटर स्पीडबद्दल थोडक्यात. घिरट्या घालणाऱ्या मोठ्या पक्ष्याला १/१००० चालतो, बहुतेकांना १/२००० लागतो, पाकोळी किंवा सूर मारणाऱ्या खंड्याला १/३२०० सुद्धा. सेकंदाला १० मीटर उडणारा पक्षी १/५०० मध्ये २ सेंटिमीटर पुढे जातो. कॅमेरा त्याच्यासोबत फिरवलात तर शरीर स्थिर दिसतं, पण पंखांची टोकं शरीराहून वेगात हलतात, ती पुसट होतातच. थोडी पुसट झाली तर मला आवडतंही. डोळा मात्र धारदार हवा. ४०० मिलिमीटरची लेन्स, एफ ५.६ ॲपर्चर आणि २० मीटर अंतर धरलं तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर शार्प दिसणारी जाडी जेमतेम ८० सेंटिमीटर असते. घारीचे पंख दीड मीटरच्या आसपास पसरतात. ती बाजूने जात असेल तर दोन्ही टोकं शार्प मिळवायचा हट्ट सोडून द्या.

आता रचना. इथे तुमच्या कुरवाबद्दल बोलायला हवं, कारण तांत्रिकदृष्ट्या त्यात काही चूक नाही. तरी तो फोटो मरगळलेला आहे. पहिलं कारण पंख. ते नेमके आडवे असताना टिपलेत, त्यामुळे बाजूने बघताना पंख म्हणजे नुसती एक रेघ. पंख पूर्ण वर गेलेले किंवा पूर्ण खाली आलेले असतात तेव्हाच त्यांचा आकार कळतो. याला उपाय बर्स्ट, म्हणजे एकामागोमाग झपाट्याने फोटो काढणं, आणि तो जुना आहे: १८८२ साली एतिएन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने बंदुकीच्या घाटाचा कॅमेरा बनवून सेकंदाला १२ चित्रांच्या गतीने उडते पक्षी टिपले, पंख कसे हलतात हे कळावं म्हणून. तुमचा कॅमेरा बहुधा तेवढं सहज करत असेल. पण बटण दाबून धरून ठेवू नका. पक्षी वळण घेतो, उतरायला पाय पुढे काढतो किंवा दुसऱ्याशी भिडतो, तेव्हा अर्ध्या-एक सेकंदाचा बर्स्ट घ्या. नाहीतर घरी आल्यावर दीड हजार सारख्याच फ्रेम निवडत बसावं लागतं, आणि निवड कंटाळ्याने होते.

दुसरं कारण मान. कुरवाचं डोकं किंचित पलीकडे वळलंय. डोकं अगदी थोडं आपल्याकडे असलं तरी बघणारा त्या डोळ्याशी जोडला जातो. पलीकडे वळलेलं डोकं असलेला फोटो कितीही शार्प असो, मी उडवते. तिसरं, मागचं आभाळ. निळं आभाळ सोपं असतं म्हणून आपण सगळे तिथेच अडकतो. थोड्या उंच जागी जा, किंवा पाण्याच्या काठाशी खाली बसा, म्हणजे पक्षी डोळ्यांच्या रेषेत येईल आणि मागे लांबची झाडं, डोंगर, पाणी येईल. पार्श्वभूमी पक्ष्यापासून जितकी दूर तितकी मऊ. आणि पक्ष्याच्या पुढे मोकळी जागा ठेवा, पण ती काढताना मोजू नका. तेव्हा पंखाचं टोक कापलं जाणार नाही एवढी सैल फ्रेम धरा, जागेचा हिशेब क्रॉप करताना. ६००० × ४००० च्या फाइलमधून दोन्ही बाजू निम्म्या केल्या तरी ३००० × २००० उरतं, म्हणजे ६ मेगापिक्सेल. स्क्रीनवर बघायला ते पुष्कळ झालं.

एक कळकळीचं सांगणं, कारण दोन परिच्छेदांपूर्वी बर्स्ट म्हणाले: झेप मिळावी म्हणून पक्ष्याला उडवू नका. घाबरून उडालेला पक्षी तसाही आपल्याकडे पाठ करूनच जातो. बसलेला पक्षी अंग झटकतो, थोडा वाकतो, मोठे पक्षी बरेचदा उडण्याआधी शिटतात. तेव्हा बोट बटणावर ठेवा.

एडिटिंग. रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये काढा, नाहीतर पुढचं वाचू नका. आधी क्रॉप, आणि क्षितिज किंवा पाण्याची रेघ सरळ. मग रंगांचा समतोल आणि एक्स्पोजर. हायलाइट (सर्वांत उजळ भाग) खाली आणून पिसांचा पोत परत येतो का बघा. नॉइज (फोटोतले दाणे) आधी काढा, शार्पनिंग शेवटी, आणि दोन्ही मास्क करून, म्हणजे फोटोचा ठरावीक भागच निवडून: नॉइज मुख्यतः आभाळातला, शार्पनिंग फक्त पक्ष्यावर. सगळ्या फ्रेमला शार्पनिंग मारलंत की आभाळात रवा दिसतो आणि पंखांभोवती पांढरी कड येते. ती कड माझ्या जुन्या फोटोंत इतकी ठळक आहे की पक्षी कात्रीने कापून चिकटवल्यासारखा वाटतो. पंखांखालची सावली हलकी उचला, पण वरच्या बाजूपेक्षा खालची गडद राहूच द्या, कारण सूर्य वर असतो हे डोळ्याला माहीत असतं. आभाळात सेन्सरवरच्या धुळीचे ठिपके असतात, ते पुसा. दुसऱ्या फोटोतलं आभाळ लावलंत तर तसं लिहा.

तर तुमचे तीन फोटो. कुरव चौरस न ठेवता आडवा क्रॉप करा, चोचीपुढे शेपटीमागच्या दुप्पट जागा ठेवा. बरा होईल, मान मात्र वळणार नाही. घार काढून टाका, सावली उजळलीत की तिथे नुसता नॉइज निघेल. बगळ्याची रॉ फाइल असेल तर एक्स्पोजर आणि हायलाइट दोन्ही खाली ओढून बघा: पंखांवर पिसांच्या रेघा दिसल्या तर ठेवा, नुसता पांढरा भाग राखाडी झाला तर तोही घारीमागोमाग जाऊ द्या.