बिलासाठी अडवलेला डिस्चार्ज

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यातले. वडील (वय ६४) न्यूमोनियामुळे नाशिकला मुंबई नाका परिसरातल्या एका खासगी हॉस्पिटलात आठ दिवस आहेत. पाच दिवस आयसीयू, तीन दिवस सिंगल रूम (भाडं रोज ५,०००). दाखल करताना दीड लाखाचा अंदाज दिला होता, बिल आलं ३,१२,०००. आम्ही ५०,००० आधीच भरलेत. मेडिक्लेम तीन लाखांचं आहे, कंपनीने १,६६,००० मंजूर केले. उरलेले ९६,००० दिल्याशिवाय पेशंट सोडणार नाही, फाईलही देणार नाही, असं सांगतात. काल सकाळच्या राउंडला डॉक्टर ‘घरी न्या’ म्हणाले होते. काउंटरवर भावाची बाचाबाची झाली, त्यात कॉम्प्युटरचा मॉनिटर पडला. आता म्हणतात, कोरा चेक द्या नाहीतर ‘डामा’वर सही करा. काय करावं?

उत्तर : दोन्हीपैकी काहीच देऊ नका.

‘डामा’ म्हणजे डॉक्टरांचा सल्ला झुगारून पेशंट स्वतःहून नेला, अशी कबुली. तुमच्या बाबतीत डॉक्टरांनीच घरी न्यायला सांगितलंय. ती सही झाली की विमा कंपनीला क्लेम अडवायला निमित्त मिळतं, आणि पुढे उपचारातल्या चुकीबद्दल तक्रार करायची वेळ आली तर पहिला कागद तुमच्याच विरोधात उभा राहतो. कोऱ्या चेकचं तर बोलायलाच नको. सही तुमची आणि आकडा दुसऱ्याने भरलेला, असं असलं तरी चेक बाउन्सचं कलम १३८ लागू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. चेक वटला नाही तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. गाडीचं आरसी बुक किंवा आधार कार्डही ठेवून येऊ नका.

बिल थकलं म्हणून बरा झालेला पेशंट थांबवून ठेवणं बेकायदा आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पाठवलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत हे स्पष्ट आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये अशा अडवणुकीला बेकायदा म्हटलंय. मात्र म्हणून बिल माफ होत नाही. दाखल करताना फॉर्मवर तुम्ही सही केलीय. हॉस्पिटल दिवाणी दावा लावून पैसे वसूल करू शकतं. पैशाचा वाद चालू राहू दे, वडील मात्र आज घरी आले पाहिजेत.

त्यासाठी वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने दोन प्रतींत अर्ज करा. मजकूर एवढाच : “माझे वडील (आयपीडी क्र. …) यांना काल सकाळच्या राउंडला डॉ. … यांनी डिस्चार्ज सांगितला आहे. बिलाच्या रकमेबाबत वाद आहे. आज रु. … हक्क राखून, अंडर प्रोटेस्ट भरत आहे. रकमेच्या कारणावरून रुग्णास थांबवू नये. डिस्चार्ज कार्ड व बाबवार बिल आजच द्यावे. डिस्चार्ज सांगितल्यानंतरचे रूमभाडे आम्हास मान्य नाही.” एका प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्या. पोच नाकारली तर तिथूनच हॉस्पिटलच्या अधिकृत ईमेलवर पाठवा. आज जमतील तेवढे, समजा ३०-४० हजार, ऑनलाइन भरा आणि पावतीवर ‘पार्ट पेमेंट’ लिहून घ्या. ‘फुल अँड फायनल’ किंवा ‘बिल मान्य’ असं छापलेल्या कागदावर सही नको.

तरीही सोडलं नाही तर ११२ लावा किंवा मुंबई नाका पोलीस ठाण्यात जा. तिथे बहुतेक वेळा पहिलं वाक्य ऐकायला मिळतं, ‘हे सिव्हिल मॅटर आहे.’ मग बिलाबद्दल एक शब्द बोलू नका. वडील बरे आहेत, त्यांना जायचंय आणि जाऊ देत नाहीत, एवढंच सांगा. ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खालची बेकायदा अडवणूक आहे : एक वर्षापर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता ९६,००० कडे येऊ. तुम्ही जोडलेलं विमा कंपनीचं मंजुरीपत्र पाहिलं. खरं भांडण हॉस्पिटलपेक्षा तिकडे जास्त आहे. पत्रात दोन कपाती आहेत : नॉन-मेडिकल २१,२०० आणि प्रपोर्शनेट, म्हणजे रूमभाड्याच्या प्रमाणात, १,२४,८००. दुसरा आकडा म्हणजे अख्ख्या ३,१२,००० चे ४० टक्के. पॉलिसीत रूमभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोज ३,०००. तुम्ही ५,००० ची रूम घेतलीत, म्हणून ६० टक्केच मंजूर, असा त्यांचा हिशेब. पण आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या नियमांनुसार ही कपात औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्यांवर लावता येत नाही, आणि आयसीयूच्या चार्जेसवरही नाही.

मग योग्य कपात किती? रूमभाड्यातला फरक २,००० गुणिले ३, म्हणजे ६,०००. त्या तीन दिवसांची डॉक्टर व्हिजिट आणि नर्सिंग बिलात मिळून १८,००० आहे, त्याचे ४० टक्के ७,२००. ग्लोव्हज, मास्क, ॲडमिशन किट वगैरेंचे २१,२०० तुमचेच. एकूण ३४,४००. पॉलिसीत आयसीयूची वेगळी मर्यादा किंवा को-पे (बिलातला ठरावीक हिस्सा तुम्ही भरायची अट) असेल तर आकडा बदलेल, ते कलम वाचून घ्या. नसेल तर तुमचे ५०,००० भरून झालेतच. उलट १५,६०० परत मिळायला हवेत. हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कला, म्हणजे क्लेमचं काम पाहणाऱ्या काउंटरला, हा हिशेब देऊन आजच एन्हान्समेंट रिक्वेस्ट (मंजूर रक्कम वाढवण्याची विनंती) कंपनीला पाठवायला सांगा. अंतिम मंजुरी तीन तासांत देणं कंपनीवर बंधनकारक आहे. नाही मानलं तर घरी गेल्यावर कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

हॉस्पिटलचं बिलही तपासा, पण ‘जास्त वाटतं’ म्हणून भांडण टिकत नाही. खासगी हॉस्पिटलचे दर सरसकट ठरवून देणारा कायदा महाराष्ट्रात नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेलाच नाही, तो काउंटरवर दाखवू नका. आपल्याकडे लागू आहे तो १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आणि त्याचे २०२१ चे सुधारित नियम. त्यानुसार रुग्ण हक्कांची सनद आणि प्रमुख सेवांचे दर दर्शनी भागात लावावे लागतात. त्या दरफलकाचा फोटो काढा आणि बिलाशी ताडा.

चुका सापडतात त्या ठरावीक जागी. आयसीयूतून रूममध्ये हलवलं त्या दिवशी दोन्हीकडचं भाडं लागलेलं असतं. मेडिकलला परत केलेली औषधं वजा झालेली नसतात. नर्सिंगच्या ड्रग चार्टवर एखादं अँटिबायोटिक दिवसाला तीन, असं पाच दिवस असेल तर १५ व्हायल. बिलात २२ दिसल्या तर सातचा हिशेब मागा. तुमच्या रूमवर जीएसटी लावलाय का पाहा. आयसीयू सोडून रोजचं भाडं ५,००० च्या वर असेल तरच तो लागतो, बरोबर ५,००० ला नाही.

त्यासाठी फाईल हवीच. ओरिजिनल त्यांच्याकडे राहू द्या, तुम्ही झेरॉक्सचे पैसे भरून संपूर्ण इनडोअर पेपर मागा : ॲडमिशन नोट, रोजच्या नोंदी, नर्सिंग व ड्रग चार्ट, संमतीपत्रं, रिपोर्ट, एक्स-रे किंवा सीटीची सीडी. मागणी केल्यापासून ७२ तासांत देण्याचं बंधन डॉक्टरांवर २००२ च्या नियमावलीनेच आहे, आणि त्याचा बिल भरण्याशी संबंध नाही. नाही मिळाली तर डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, आणि हॉस्पिटलविरुद्ध राजीव गांधी भवनात महापालिकेचा वैद्यकीय विभाग. कौन्सिलला हॉस्पिटलवर कारवाई करता येत नाही. बरेच अर्ज यातच वाया जातात.

भावाबद्दल स्पष्ट सांगतो. उद्यापासून तो काउंटरवर दिसता कामा नये. वैद्यकीय सेवेतल्यांवरची हिंसा आणि मालमत्तेचं नुकसान यासाठी महाराष्ट्रात २०१० चा वेगळा कायदा आहे : दखलपात्र, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, ५०,००० पर्यंत दंड, शिवाय मोडलेल्या वस्तूच्या दुप्पट भरपाई. मॉनिटरचा खर्च द्यायची तयारी शांतपणे दाखवा, पण माफीनामा वगैरे लिहून देण्याआधी वकिलाला दाखवा. आयसीयूत मोबाइलवर व्हिडिओ काढला असेल तर तो कुठेही टाकू नका, त्यात दुसऱ्यांचे पेशंट आहेत.

हॉस्पिटल ट्रस्टचं आहे का, तेही विचारा. असेल आणि घरचं वार्षिक उत्पन्न ३,६०,००० च्या आत असेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडून धर्मादाय योजनेतून सवलत मागता येते. १,८०,००० च्या आत असेल तर मोफत उपचारांची तरतूद आहे.

एवढं करूनही पैसे परत मिळाले नाहीत तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करा. मुदत दोन वर्षांची. तिथे फी ठरते ती तुम्ही सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर, आणि पाच लाखांपर्यंत ती शून्य आहे. पोच घेतलेला अर्ज, पार्ट पेमेंटची पावती, मंजुरीपत्र आणि दरफलकाचा फोटो आत्ताच एका फाईलला लावून ठेवा.