बहिणीशी तिच्या मनःस्थितीबद्दल कसे बोलावे?

तुमची थोरली बहीण महिनाभरापासून कोणाशी बोलत नाही, रात्र रात्र जागते, आणि विषय काढला तर ती आणखी दुरावेल अशी भीती तुम्हाला वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते विषय जरूर काढावा, मात्र तुम्ही स्वतः जे पाहिले आहे तेथून सुरुवात करावी. ‘तुला नैराश्य आले आहे’ असे म्हटले की ते नाकारण्याकडेच मन वळते. ‘ताई, तू पहाटेपर्यंत जागी असतेस, मला काळजी वाटते’ या बोलण्यात नाकारण्यासारखे काही नसते. त्यानंतर गप्प राहावे. ही शांतता जड जाते आणि ती मोडण्यासाठी आपण ‘सगळे ठीक होईल’ असे बोलून जातो, त्यातून तिला एवढेच कळते की तिचे दुःख ऐकणे आपल्याला झेपत नाही. माझी एक मैत्रीण पहिल्यांदा मोकळी झाली ती आम्ही दोघी कपड्यांच्या घड्या घालत असताना; नजर हातातल्या चादरीवर ठेवता आली, म्हणूनच तिला बोलता आले असावे.

‘जगणे नकोसे झाले आहे’ अशा अर्थाचे काही तिच्या बोलण्यात आले, तर आत्महत्येचे विचार येतात का, हे त्याच शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे; उलट कोणीतरी स्पष्ट विचारले याने अनेकांना हायसे वाटते. उत्तर ‘हो’ आले, तर तिला एकटे सोडू नये, औषधे आणि इजा करता येईल अशा वस्तू तिच्या हाताशी राहू देऊ नयेत आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन आधीच देऊन बसू नये.

उदासी आणि झोपेतील बिघाड २ आठवड्यांहून अधिक टिकला, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवणे योग्य; थायरॉईडच्या विकारातही अशीच लक्षणे दिसतात, तीही तपासणी होऊन जाते. ‘डॉक्टरांकडे जा’ म्हणण्याऐवजी ‘मी वेळ घेते, सोबत येते’ असे म्हणावे, कारण अशा अवस्थेत फोन उचलणेही डोंगराएवढे वाटते. औषधे सुरू झाली तर गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर ती मनाने बंद करू नयेत. पहिल्या वेळी ती ‘काही नाही’ म्हणून उठून गेली, तर मागे लागू नये. दोन-चार दिवसांनी पुन्हा विचारावे.